अ‍ॅशबर्न ते न्यूयॉर्क, एका हिरव्या कोस्टरसाठी

न्यूयॉर्कमधल्या कॅफेचं बुकिंग तीन महिन्यांपूर्वीचं. तेव्हा माझ्या मैत्रिणीला, गौरीला, नोकरी होती. मग नोकरी गेली, आणि व्हिसाच्या नियमानं साठ दिवसांत दुसरी मिळाली नाही तर गाशा गुंडाळून थेट नागपूर. त्यातले सव्वीस दिवस संपले होते.

"कॅन्सल कर यार," ती म्हणाली.

"रिफंड मिळत नाही. मुकाट्यानं गाडीत बस."

कॅफे एका जपानी बँडचा. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. गौरी मात्र कॉलेजपासून वेडी. पाच गायक, प्रत्येकाचा एक रंग ठरलेला, हिचा लाडका हिरवा. आता पाचही जण चाळिशीला टेकलेत, पण धंद्यात पक्के! जपानमध्ये त्यांच्या नावाचे कॅफे आहेत, कपड्यांची दुकानं आहेत, आणि न्यूयॉर्कचा हा परदेशातला पहिला कॅफे, तोही फक्त सहा महिन्यांसाठी.

शनिवारी सकाळी सहाला आमचं व्हर्जिनियातलं अ‍ॅशबर्न सोडलं. तुम्ही जाणार असाल तर मॅनहॅटनमध्ये गाडी घालायचं खूळ डोक्यातून काढा. न्यू जर्सीतल्या एखाद्या स्टेशनवर पार्क करा आणि ट्रेन धरा. वाटेत टोल बरेच आहेत. डब्यात तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लिंबाचं लोणचं होतं. गौरीनं जेमतेम दीड पुरी खाल्ली.

नोकरीचा विषय तिनं काढला नाही, मीही नाही. आमच्या कंपनीत तिच्या कामाची जागा रिकामी होती आणि ते तिला माहीत होतं. मी रेफर केलं असतं तर अर्ज थेट मॅनेजरपुढे गेला असता. पण घर बदलताना सोफा एकटीनं जिन्यावरून उतरवणारी ही बाई, कुणाकडे काही मागायचं म्हटलं की तिच्या जिवावर येतं. मला वाटायचं, आपणहून देऊ केलं तर तिच्या मानाला लागेल, एकदा तोंड उघडून विचार तरी!

कॅफे दुसऱ्या मजल्यावर. पाच रंगांच्या भिंती, काचेच्या कपाटात बँडचे जुने पोशाख, पडद्यावर गाणी. बसायला ऐंशी मिनिटं मिळतात, आणि प्रत्येकानं एक पदार्थ, एक पेय घ्यायलाच हवं. शाकाहारींना पॅनकेक आणि एक भात, चव बेताची. खरी गंमत पेयासोबतच्या बंद पाकिटात. त्यात एका गायकाचं चित्र असलेला, त्याच्या रंगाचा कोस्टर, म्हणजे पेल्याखाली ठेवायची चकती, निघतो, कुणाचा ते नशीब. गौरीनं तीन सरबतं मागवली. पिवळा, पिवळा, निळा. माझा जांभळा.

"इथे सगळे अदलाबदल करतात," वाढणारी मुलगी म्हणाली. "टेबलांवर जाऊन विचारा."

"मी नाही बाप्पा! अनोळखी लोकांना काय मागायचं?"

"मग बस पिवळ्याकडे बघत," मी म्हटलं आणि जागची हलले नाही.

वीस मिनिटं उरली तशी ती उठली. पहिल्या टेबलावर नकार. दुसऱ्यावर, तिसऱ्यावरही नकार. तिचे कान लाल झालेले मला इथून दिसत होते, बघवेना. चौथ्या टेबलावर पिवळ्या स्कार्फमधली एक पांढऱ्या केसांची आजी एकटीच होती.

"ओ हनी, यू हॅव टू यलोज?" ती जवळजवळ ओरडलीच.

गौरी हिरवा घेऊन परत आली. चेहरा बघण्यासारखा!

"एकाच्या बदल्यात दोन्ही नेले तिनं, लुटलं मला," ती हसत म्हणाली. "पण काय खूश होऊन राहिली होती गं! मी विचारलं नसतं तर तशीच बसली असती."

परतताना डेलावेअरच्या रेस्ट एरियात कॉफीला थांबलो. गौरीनं कप खाली ठेवला.

"स्मिता, तुझ्या कंपनीत माझं नाव देशील का?"

"देईन की! पण इतके दिवस का नाही बोललीस?"

"तू तरी कुठे विचारलंस? मला वाटलं, तुला अडचण असेल."

घरी पोचल्यावर बूटही न काढता तिचा रेझ्युमे पाठवला. मुलाखत येत्या गुरुवारी आहे, पुढचं पुढे.

कॅफे छान आहे, जरूर जा. मला मात्र स्वतःची लाज वाटते. ती मागत नाही म्हणून मी देत नव्हते, आणि वर त्याला तिचा मान राखणं म्हणत होते.