पाटलीणबाईंच्या गाडीचा क्लच

स्वातंत्र्य येऊन आठ-नऊ वर्षं झाली असतील. वर्ध्यात स्टेशनच्या मागे माझं टिनाच्या छपराचं गॅरेज होतं. पाटीबिटी काही नव्हती. मिस्त्री कुठे बसतो असं विचारलं की लोक बोट दाखवायचे, आणि त्यावर मी फार खूष असायचो. हात चांगला होता, डोकं तापट होतं. आता हात गेला, डोकं तेवढं राहिलं आहे.

पाटलीणबाई आर्वीकडच्या. त्यांच्या यजमानांना वेगाचं भारी वेड. अमेरिकन बनावटीची मोठी गाडी आधीच दारात होती, तरी त्यांचं पोट भरेना. लष्कराच्या लिलावातून त्यांनी दीडपट ताकदीचं इंजिन उचललं, नागपुरात गाडीत बसवून घेतलं, आणि चार महिन्यांत विषमज्वरानं गेले. मागे गाडी राहिली, कपाशीची शेती राहिली, बाई राहिल्या. मूलबाळ नव्हतं.

गाडी चालवायला पाटलांनीच त्यांना शिकवलं होतं. बाई डोक्यावर पदर घेऊन स्वतः वावरात जात, स्वतः मार्केटात जात, कापसाच्या ढिगाशी उभं राहून भाव पटला नाही तर सरळ गाडीत बसून निघून येत. धाकट्या दिराला हे मुळीच खपत नसे. ड्रायव्हर ठेवा, लोक काय म्हणतील, हे त्यांचं पालुपद. माझ्यासमोरच एकदा बाई म्हणाल्या, "भाऊजी, मी चालवून राह्यली ना, तवर मले कोनाले विचारा लागत नाई." दीर हसले, पण ते त्यांना लागलं होतं. कारण खरंच तसं होतं. त्या घरात गाडी ज्याच्या हाती, व्यवहार त्याच्या हाती.

दिवाळीच्या आधी बाई गॅरेजला आल्या. गाडीच्या आधी जळका वास आला.

"मिस्त्री, इंजन बोंबलते अन् गाडी सरकत नाई. काऊन?"

काऊन म्हणजे काय, उघडच होतं. इंजिन नवं, राक्षसी. क्लच मात्र जुन्याच इंजिनाचा. इंजिनाची ताकद चाकांपर्यंत पोचवणारी ती तबकडी बिचारी पकड धरू शकत नव्हती, नुसती घासत होती. त्यातून आमच्याकडची काळी माती. ओल्या वावरातून गाडी काढायची म्हणजे माणूस क्लच अर्धा दाबून धरतो, आणि तिथेच तो जळतो.

"मजबूत बसवा," बाई म्हणाल्या. "कापूस निघाला की मले रोज जा-ये करा लागते. तवा गाडी पाहिजेच."

माझ्यापुढे दोन वाटा होत्या. एक, ट्रकच्या क्लचच्या कडक स्प्रिंगा आणून जुन्या क्लचच्याच घरात ठोकून बसवायच्या. दोन दिवसांचं काम. दुसरी, तबकडी मोठी घालायची आणि स्प्रिंगा नरमच ठेवायच्या. पकड तेवढीच मिळते, पण त्यासाठी इंजिनाचं जड चाक उतरवून एका जिनिंग कारखान्याच्या लेथवर न्यायचं, नवी भोकं पाडायची, आणि लेथवाल्याची मनधरणी करायची. मी पहिली वाट धरली. घाई होती, असं मी पुढे सगळ्यांना सांगत असे. घाई कसली? लेथवाल्याचं आणि माझं बोलणं बंद होतं, आणि मी त्याच्या दारात जाणार नव्हतो. झालं!

काम झाल्यावर गाडीचं नाक भिंतीला टेकवलं, वरचा गिअर टाकला आणि क्लच सोडला. इंजिन जागच्या जागी मेलं. म्हणजे क्लच तसूभर घसरला नाही. जमलेली चार माणसं वाहवा म्हणाली. मी स्वतः दाबून पाहिला, शेजारच्या लोहारानं दाबून पाहिला. "वा रे पठ्ठे!" लोहार म्हणाला. माझी छाती फुगली.

आमच्या गॅरेजात एक रीत होती, उस्तादांपासून चालत आलेली. काम झाल्यावर चाकाखाली लिंबू ठेवायचं, नारळ फोडायचा, आणि तोपर्यंत मालकानं गाडीला पाय लावायचा नाही. ती मी कधी मोडली नाही. त्यामुळे इंजिन मोजलं, तबकडी मोजली, चिखलाचा, कापसाच्या बोज्याचा हिशेब धरला, आणि ज्या पायानं तो क्लच दाबायचा तो पाय तेवढा शेवटच्या घटकेपर्यंत गाडीत गेलाच नाही. बाईंच्या पायात जोडवी, पाऊल वीतभर.

बाई बसल्या. दीरही आले होते, बाहेर उभे होते. बाईंनी क्लच दाबला. कडक स्प्रिंगांमुळे तो अर्ध्यावर थांबला. त्यांनी पुन्हा जोर लावला, पाठ सीटवर रेटून लावला. गिअर टाकताना कर्र आवाज झाला, गाडीनं धक्का खाल्ला, लिंबू फुटलं आणि इंजिन बंद पडलं. कुणीतरी हसलं.

"मी काय म्हणत होतो?" दीर म्हणाले.

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. मला म्हणाल्या, "जरासा हलका नाई होत का, मिस्त्री?"

होत होतं. मला ठाऊक होतं कसं होतं ते. पण अंगण माणसांनी भरलेलं, आताच सगळ्यांनी वाहवा केलेली, आणि लेथवाल्याचं तोंड डोळ्यांपुढे आलं. मी म्हणालो, "नाई होत. एवढ्या इंजनाले एवढाच क्लच लागते. ड्रायव्हर ठेवा, बाई."

महिनाभर त्यांनी तशीच चालवली. एकदा नाक्यावर मला दिसल्या. पाठीमागे गोधडीची घडी, दात आवळलेले. पुढे कळलं की गुडघा सुजला आणि ड्रायव्हर ठेवला. ड्रायव्हर दिरांनी आणला.

होळीच्या सुमाराला तोच गाडी घेऊन ऑइल बदलायला आला. दणकट गडी. बाई मागच्या सीटवर होत्या. त्यांनी नुसती मान हलवली. ड्रायव्हर मात्र भारी बोलका. "क्लच एक नंबर बसवला बरं का, मिस्त्री! यंदा मार्केटाचं सगळं धाकल्या मालकायनंच पाह्यलं. बाईंले उगाच काऊन तरास?" बाई खिडकीतून बाहेर बघत होत्या.

मला माझी लाज वाटली. दुसरा शब्द नाही. गिअरबॉक्सात आवाज आहे, अशी थाप मारून मी गाडी आठवडाभर ठेवून घेतली आणि त्याच दुपारी लेथवाल्याच्या दारात जाऊन उभा राहिलो. त्यानं मला चांगलं तासभर उभं ठेवलं, मग काम केलं. मोठी तबकडी बसली, नरम स्प्रिंगा बसल्या. भिंतीला लावून पाहिली, तसूभर घसरली नाही.

आठवड्यानं बाई ड्रायव्हरला घेऊन बसनं आल्या. मी पुढचं दार उघडलं. म्हणालो, "बाई, आधी तुमी बसा."

त्या बसल्या. पाय ठेवला आणि क्लच खालपर्यंत गेला. त्यांनी सोडला, पुन्हा दाबला. तिसऱ्यांदा दाबून तसाच धरून ठेवला.

"म्हंजे होत होतं," त्या म्हणाल्या.

"होत होतं."

त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवून त्या समोर बघत बसल्या. मग म्हणाल्या, "आता जाऊ कुठं, मिस्त्री? मार्केटात भाऊजी जाते. वावरात भाऊजी जाते. गडीमाणसं बी आता त्यायलेच विचारते."

त्या उतरल्या, मागचं दार स्वतः उघडलं, आत बसल्या, पदर नीट केला. ड्रायव्हर पुढे बसला. सवयीनं त्यानं सगळा जोर लावून पाय मारला. क्लच अलगद तळाला गेला आणि तो दचकून खाली बघायला लागला.

"काय करून ठेवलं हे, मिस्त्री?" तो म्हणाला.