शनिवार संध्याकाळचा फळा

रविवारी सकाळी ब्लॉक असला की आमच्या स्टेशनाला तापलेल्या लोखंडाचा आणि वंगणाचा वास येतो. तो एरवीही येत असणारच, पण एरवी त्याची दखल घेतो कोण! ब्लॉकच्या दिवशी मात्र फलाट निर्मनुष्य असतो, रूळ उन्हात स्वस्थ पहुडलेले असतात, पत्र्याच्या छपरावर चालणाऱ्या कावळ्याची पावलंसुद्धा ऐकू येतात, आणि दुरून, दादरच्या बाजूने, घणाचे ठोके संथ लयीत येत राहतात. आठवडाभर जिला श्वास घ्यायला उसंत नाही अशा जागेला असं निवांत बसलेलं पाहून मला फार बरं वाटतं. कधीकधी मी मुद्दाम जाऊन बाकावर बसते. फलाटाचं तिकीट काढून हो, फुकट नाही!

तुम्ही मुंबईचे नसाल तर थोडं सांगायला हवं. ब्लॉक म्हणजे रुळांच्या दुरुस्तीसाठी रविवारी काही तास एका दिशेचा एखादा मार्ग बंद ठेवणं. तेवढा वेळ त्या दिशेच्या धीम्या गाड्या जलद मार्गावरून वळवतात. भायखळा आणि दादर यांच्या मधलं आमचं स्टेशन पडलं लहान. (नाव सांगत नाही, लहानांना चारचौघांत पुकारून लाजवू नये.) जलद मार्ग त्याच्या कुशीतूनच जातो, पण त्या मार्गाला इथे फलाटच नाही. त्यामुळे वळवलेली गाडी आमच्या डोळ्यांदेखत, अगदी समोरून, न थांबता निघून जाते. मग घरी यायचं कसं? तर घर ओलांडून पुढे जायचं, मोठ्या स्टेशनावर उतरायचं, आणि उलट दिशेच्या गाडीने मागे यायचं. त्याच तिकिटावर हा उलटा प्रवास करायची मुभाही असते.

मला, खरं सांगू, या वळवलेल्या गाडीचं अतोनात आकर्षण आहे. समोरच्या इमारतीच्या गॅलरीतून आपलंच घर कधी पाहिलंय का तुम्ही? वाळत घातलेली साडी, खिडकीतला तुळशीचा डबा, सगळं तेच, आणि तरी किती वेगळं, किती गोड वाटतं! जलद मार्गावरून आमचं स्टेशन मला तसं दिसतं. त्याच्या जिन्याचं वळण दिसतं, भिंतीवर उगवलेला पिंपळ दिसतो, आणि पुढे रुळांवर ओणवी झालेली, नारिंगी जाकिटं घातलेली माणसं दिसतात. गाडी जवळ येताच ती एका ओळीत बाजूला सरतात, त्यांतला एखादा हात वर करतो, आणि गाडी गेली की पुन्हा वाकतात. सारं शहर सुट्टी उपभोगत असताना, त्या शहराचा सोमवार सुरळीत जावा म्हणून रविवारच्या उन्हात राबणारी ती माणसं पाहिली की माझे हात आपोआप जोडले जातात. मी माहेरची गिरगावची, म्हणजे चर्नी रोडची. तिकडच्या रेल्वेलाइनीवर ब्लॉकला जम्बो म्हणतात, इकडच्या लाइनीवर मेगा. लग्न ठरलं तेव्हा वडील हसून म्हणाले होते, "पोरगी दुसऱ्या लाइनीत दिली, आता माहेरपणाला यायची तर दादरला बदलून येणार!" तेव्हापासून मी दोन्ही लाइनींची झाले आहे.

हे सगळं कौतुक मी एकदा कमलला ऐकवायला गेले आणि तोंडघशी पडले. कमल आमच्याच मजल्यावर राहते. परळच्या रुग्णालयात आयुष्यभर नर्स होती, आता निवृत्त. वडील गिरणीत, आई विहारातल्या बायकांची पुढारी. त्यामुळे कामाचा झपाटा आणि बोलण्याचा ठसका दोन्ही घरूनच आलेले. मी शाळेत मराठी शिकवायचे म्हणून ती मला मास्तरीणबाई म्हणते, तेही अशा सुरात की पदवी आहे की टोमणा हे कळू नये. माझं वर्णन संपेपर्यंत ती शेंगा सोलत होती. मग म्हणाली, "तुला मजा वाटते गं, गाडीतून स्टेशन बघायला. मी स्टेशनातून गाड्या बघितल्यात."

आणि मग तिने ते सांगितलं. तिचा थोरला भाऊ मुलुंडच्या रुग्णालयात होता. रविवारी सकाळी वहिनीचा फोन आला, "ताई, लवकर या, तुमचं नाव घेतायत." कमल होती तशी निघाली, तिकीट काढलं, फलाटावर उभी राहिली. समोरच्या रुळावरून एक गाडी गेली, थांबली नाही. तिला वाटलं, जलद असेल. दुसरी गेली, तिसरी गेली. आपल्या फलाटावर आता येईल, आता येईल, म्हणून ती वाट पाहत राहिली; कर्ण्यातून काहीतरी सांगत होते, पण तिच्या कानात वहिनीचाच आवाज होता. शेवटी एका झाडूवाल्या बाईने सांगितलं, अहो ताई, आज ब्लॉक आहे, उलटं भायखळ्याला जा आणि तिथून बसा. ती गेली, बसली, तिची गाडी याच स्टेशनासमोरून, याच रिकाम्या फलाटासमोरून धडधडत पुढे गेली. मुलुंडला पोचली तेव्हा दादा गेला होता.

मी तिच्या ताटातल्या शेंगा सोलायला घेतल्या. मग तीच म्हणाली, "रेल्वेवर राग नाही माझा. रूळ दुरुस्त नको करायला? पण मला माहीत असतं ना, तर मी शनिवारी रात्रीच जाऊन त्याच्या उशाशी बसले असते." त्यानंतर ती भावाच्या घराची पायरी चढली नव्हती. वहिनी काही बोलेल म्हणून नव्हे. वहिनी काही बोलणार नाही, याचीच तिला भीती वाटत होती.

पण कमल रडत बसणाऱ्यांतली नाही. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक फळा होता. लालबाग-परळात आणि गिरगावात, नाक्यानाक्यावर असे फळे पूर्वीपासून आहेत; सकाळी कोणीतरी हौशी माणूस त्यावर खडूने ठळक बातम्या लिहितो, कोणाच्या निधनाची वार्ता, कोणाच्या परीक्षेतल्या यशाचं अभिनंदन, आणि तळाला एक सुविचार. आमचा फळा ओस पडला होता, कारण बातम्या सगळ्यांच्या खिशात आल्या होत्या. कमलने तो ओल्या फडक्याने पुसला आणि दर शनिवारी संध्याकाळी त्यावर लिहायला लागली: उद्या ब्लॉक आहे, अमुक वेळेपासून तमुक वेळेपर्यंत, आपल्या स्टेशनावर मुलुंडकडे जाणारी गाडी थांबणार नाही, भायखळ्याला जाऊन बसा. बस, एवढंच. मी म्हटलं, खाली एखादा सुविचार लिहू या का? तर म्हणाली, "गाडी कुठे थांबते ते कळलं की माणसाला विचार आपोआप सुचतात."

सोसायटीतली मुलं हसायची. "काकू, ॲपवर येतं सगळं!" येतं ना, कोण नाही म्हणतं? पण घरात माणूस आजारी असताना, पायांत चपला सरकवत धावताना, ॲप उघडून बघायचं सुचतं कोणाला? आदल्या संध्याकाळी भाजी घेऊन येताना डोळ्यांवरून गेलेली खडूची ओळ मात्र त्या घाईतही आठवते. लोक खरंच थबकून वाचायचे. मला या साधेपणाचं इतकं नवल वाटे! आयुष्यभर मी मुलांना अलंकार शिकवले, आणि इथे एकही अलंकार नसलेली चार वाक्यं सगळ्या गल्लीला पाठ झाली होती.

मग गल्लीच्या तोंडाची इमारत पुनर्विकासात गेली. भोवती निळे पत्रे उभे राहिले आणि फळा उतरवून कोणीतरी आमच्या जिन्याखाली आणून टेकवला. तिसऱ्या दिवशी कमल म्हणाली, "तो स्टेशनातच हवा. चल." अशी आमची मोहीम सुरू झाली.

निवेदन मी लिहिलं. 'प्रवासीजनांच्या असह्य हालअपेष्टांचे निराकरण व्हावे, या उदात्त हेतूने प्रेरित होऊन' असा प्रारंभ होता, आणि मला तो फार आवडला होता. कमलने वाचला आणि म्हणाली, "अगं, हे वाचून त्या माणसाला झोप येईल." तिने दोन ओळी लिहिल्या: स्टेशनाच्या दारात एक फळा लावू द्या. लिहायचं काम आमचं. खाली शेजारपाजारच्यांच्या सह्या झाल्या, आणि आम्ही स्टेशनमास्तरांपुढे जाऊन बसलो. ते उत्तरेकडचे, सौम्य गृहस्थ. चहा मागवला, कागद दोनदा वाचला. "मॅडम, बात सही आहे तुमची, पण स्टेशनात बाहेरचा फळा लावायची परमिशन माझ्या हातात नाही."

"मग ज्या हातात आहे तो हात दाखवा," कमल म्हणाली.

त्यांनी हसून वरच्या कार्यालयाचा पत्ता दिला. तिथून दुसरीकडे, दुसरीकडून पहिल्याकडे. कुठे कोणी उर्मटपणा केला नाही, कोणी नाही म्हटलं नाही, फक्त हो कोणी म्हणेना. दरम्यान शनिवार काही थांबत नव्हते. तेव्हा कमलने काय करावं? तिने फळा लिहिला, दोन्ही हातांनी छातीशी धरला आणि स्टेशनाबाहेर, जिन्याच्या पायथ्याशी, सार्वजनिक रस्त्यावर जाऊन उभी राहिली! मी तिच्या शेजारी पिशवी घेऊन उभी. मला आधी संकोच वाटला, खोटं कशाला बोलू. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांचे पालक त्याच वाटेने जातात. पण कमलच्या चेहऱ्यावर असं काही स्वस्थ, ठाम तेज होतं की माझा संकोच हळूहळू विरून गेला. जिन्याजवळ हिराबाई मासळी विकते. वरळीच्या कोळीवाड्यातली, कडक आवाजाची. थोडा वेळ तिने आम्हाला न्याहाळलं आणि मग उठून आली. "आण गो हिकडं. हात भरून आलं असतील तुझं. तू जरा टेक, मी धरतंय." आणि फळा छातीशी धरून ती ओरडायला लागली, "उद्या गाडी थांबनार नाय! भायखल्याला जा! बघून जा, वाचून जा!" पापलेटासाठी थांबलेली माणसं फळा वाचून गेली आणि फळा वाचायला थांबलेली पापलेट घेऊन गेली.

पुढच्या शनिवारी इस्त्रीवाला उभा राहिला, नंतर व्यायामशाळेतले दोघे, नंतर ॲपवाली तीच मुलं. घोषणा नाहीत, झेंडा नाही, कोणाची निंदा नाही. आळीपाळीने नुसता एक फळा धरायचा. चळवळींच्या या भागात मी मोर्चे खूप पाहिलेत, पण इतका शांत, इतका सभ्य हट्ट मी पाहिला नव्हता. स्टेशनमास्तर कामावरून सुटताना रोज त्याच जिन्याने उतरायचे. एकदा त्यांनी स्वतः येऊन मजकुरातली वेळ दुरुस्त करून दिली, कारण दुपारीच बदल आला होता. कमलने त्यांना खडू दिला. मला तेव्हाच वाटलं, आता परवानगी येणार.

आणि ती आली! एका शनिवारी दुपारी स्टेशनमास्तरांनी निरोप पाठवला. आम्ही फळा घेऊन गेलो तर तिकीट खिडकीसमोरच्या भिंतीत दोन भक्कम खुंट्या ठोकलेल्या होत्या. "उंची ठीक आहे ना?" त्यांनी विचारलं. फळा चढला. हिराबाईने हात पदराला पुसून टाळ्या वाजवल्या, मुलांनी फोटो काढले, माझे डोळे भरून आले आणि मी ते भरू दिले. सगळे कमलकडे पाहू लागले. तिने खडू हातात घेतला, आणि तशीच उभी राहिली.

"काय गं?" मी विचारलं.

"अगं," ती हळूच म्हणाली, "उद्या ब्लॉकच नाहीये."

आता आली का पंचाईत! इतक्या खटपटीने फळा लागला आणि लिहायला काही नाही. मुलं खो खो हसली. मी, स्वभावाप्रमाणे, म्हटलं की आजच्या दिवस तरी एक सुविचार चालेल. कमलने माझ्याकडे असं पाहिलं की मी तो सुविचार गिळून टाकला. मग सावकाश, मोठ्या अक्षरांत, तिने लिहिलं:

'उद्या ब्लॉक नाही. सगळ्या गाड्या थांबतील. कोणाला भेटायला जायचं असेल, तर जाऊन या.'

तिकिटाच्या रांगेतला एक गृहस्थ ते वाचून खिशातला फोन काढत बाजूला गेला. कमलने बोटांवरचा खडू झटकला, आणि मला म्हणाली, "लोकांना जा म्हणायचं आणि आपण घरी बसायचं, बरं नाही दिसत. उद्या सकाळी मुलुंडला जाते. वहिनीकडे."

मी विचारलं, सोबत येऊ का?

"नको," ती म्हणाली. "गाडी थांबणार आहे. लिहिलंय ना मी."