गोळ्यांचं खातं माझ्याकडे

माझा नवरा आणि त्याचा धाकटा भाऊ तीन वर्षं एकमेकांशी बोललेले नाहीत. भांडण फ्लॅटचं नाही, आईच्या दागिन्यांचं नाही. एका गोळीचं आहे.

मेटफॉर्मिन. पांढरी, लांबट, बघूनच घशात अडकेल अशी. दुबईत करामा भागातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये निम्म्या घरांत डायनिंग टेबलावर, लोणच्याच्या बरणीशेजारी तिचा डबा असतो. नवऱ्याला ती सुरू झाली तेव्हा पहिले पंधरा दिवस पोट बिघडलं, तोंडाला कसलीशी लोखंडी चव यायची आणि तो माझ्यावर चिडायचा, जणू गोळी मीच शोधून काढली होती. पुण्याच्या डॉक्टरांनी मला नीट समजावलं होतं. ही गोळी लिव्हरला जादा साखर बनवू देत नाही. एकटीच घेतली तर साखर सहसा एकदम कोसळत नाही. जेवणाबरोबर द्या, पोट सांभाळेल. एवढ्या भांडवलावर मी बिल्डिंगची डॉक्टरीण झाले. लिफ्टमध्ये बायका मला विचारायच्या आणि मी सांगायची. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू?

गोळी इथेही मिळते, कोपऱ्यावरच्या फार्मसीत. पण नोकरीला लागताना इन्शुरन्सच्या फॉर्मवर ‘डायबेटिस आहे का’ या प्रश्नापुढे नवऱ्याने ‘नाही’वर टिक केली होती. मग क्लिनिकमध्ये कुठल्या तोंडाने जाणार? त्यामुळे गोळ्या पुण्याहून यायच्या. भाऊजींचं तिथे औषधांचं दुकान आहे. पुण्याहून कोणीही निघालं की त्यांच्याकडून सहा महिन्यांचा साठा घेऊन यायचं. सामानाचं वजन वाढतं म्हणून खोकी फेकलेली, आतले कागद फेकलेले, स्ट्रिप कापून मोज्यांत कोंबलेल्या, अर्धी छपाई कात्रीने गेलेली. मी त्या फोडून सात वारांच्या डबीत भरायची. नवरा डोळे झाकून गिळायचा.

तीन वर्षांपूर्वी त्याचा साखरेचा रिपोर्ट वाईट आला. मी तो भाऊजींना पाठवला. पुढच्या खेपेला गोळ्या आल्या त्याही पांढऱ्याच, लांबट. मी डबी भरली.

संकष्टी होती. नवरा लहानपणापासून ती करतो, चंद्रोदयापर्यंत चहा आणि दोन खजूर, बास. मेटफॉर्मिनवर त्याने अशा कितीतरी संकष्ट्या निभावल्या होत्या. सकाळी गोळी घेऊन तो शारजाच्या औद्योगिक भागातल्या त्याच्या वर्कशॉपला गेला. दुपारी त्याला दरदरून घाम फुटला आणि तो असंबद्ध बोलायला लागला. बाहेर ऑगस्टचं ऊन. सगळ्यांना वाटलं, ऊन लागलं. फोरमनने डोक्यावर पाणी ओतलं, मग घाबरून हॉस्पिटलला नेलं.

मी पोचले तेव्हा सलाईन लागलं होतं आणि तो उठून बसला होता. साखर अडतीस निघाली होती. डॉक्टरीणबाई केरळच्या होत्या. म्हणाल्या, “कौनसी टॅबलेट लेते हैं?”

“सिर्फ मेटफॉर्मिन. आठ साल से.”

“अकेले मेटफॉर्मिन से इतना लो नहीं होता. आप शुअर हैं? दूसरी टॅबलेट हो तो शुगर फिर गिरेगी, ॲडमिट रखना पडेगा.”

“हंड्रेड पर्सेंट,” मी म्हणाले. आवाजात थोडी घमेंडही होती. गोळ्यांचं खातं माझं होतं ना!

नवऱ्याच्या डोक्यात तो फॉर्म. “खलास, झालं आता, बरा आहे मी, चल घरी,” म्हणाला आणि सही करून निघाला.

संध्याकाळी तो सोफ्यावर झोपला. मुलगी म्हणाली, “Mumma, Baba isn’t waking up.”

सात दिवस तो हॉस्पिटलमध्ये होता. दुसऱ्या दिवशी मी उरलेल्या स्ट्रिप नेऊन दाखवल्या. डॉक्टरीणबाईंनी कापलेले तुकडे जुळवून वाचलं. एका गोळीत दोन औषधं होती. दुसरं साखर जोराने खाली खेचणारं, पोटात अन्न असो की नसो.

नवरा वाचला. पण आता बोलता बोलता त्याचे शब्द हरवतात, आणि गाडी मी चालवते. घरी आल्यावर त्याने पहिलं काम केलं ते भावाला फोन लावण्याचं. “न विचारता गोळी बदललीस? मारायला निघाला होतास मला?” भाऊजी एवढंच म्हणाले, “चुकलं, दादा.” मी शेजारीच बसले होते. मीही नंतर त्यांच्यावर यथेच्छ तोंडसुख घेतलं, सासूबाईंपाशी, नणंदेपाशी, लिफ्टमधल्या बायकांपाशी.

महिन्याभराने जुना रिपोर्ट शोधताना मी भाऊजींचं चॅट उघडलं. रिपोर्टखाली त्यांचा मेसेज होता. “वहिनी, डॉक्टरांना दाखवला. गोळी बदलली आहे, दोन औषधं एकत्र आहेत. उपाशीपोटी अजिबात नको. संकष्टीला देऊच नका. दादाला सांगा.” आणि त्याखाली माझा अंगठा. तारीख मुलीच्या शाळेतल्या पेरेंट्स मीटिंगची. रांगेत उभी राहून मी न वाचताच तो दाबला होता.

भाऊजींकडेही हे चॅट आहे. एक स्क्रीनशॉट पाठवला असता तर सुटले असते. तीन वर्षांत पाठवलेला नाही. दर संकष्टीला मला विचारतात, “दादाने खाल्लं ना?” त्यांच्या या चांगुलपणाचा मला संताप येतो. मला वाचवायला कोणी सांगितलं होतं यांना? आणि सासूबाईंच्या तेराव्याला दोघं भाऊ एकाच पंगतीत, एकमेकांकडे न बघता जेवले, तेव्हा वाढायला मीच होते.

मी जे काही लिहिते ते नवरा सगळ्यात आधी वाचतो. हल्ली त्याला वेळ लागतो, ओळीखाली बोट ठेवून वाचतो, पण शेवटपर्यंत वाचतो. हे कागद मी आज टेबलावर, त्याच्या गोळ्यांच्या डबीखाली ठेवते आहे.