इशेनालीने धुतलेली टोपली

ज्याला माणसांची किळस येते त्याने लॅपटॉप दुरुस्तीच्या धंद्यात पडू नये. नारिन गावच्या बाजारात इशेनाली एकवीस वर्षं तोच धंदा करत होता. लोखंडी कंटेनरमधलं दुकान, एक टेबल, एक दिवा, स्पिरिटची बाटली आणि हातात कायम रबरी मोजे. कुणी लॅपटॉप पुढे केला की मेलेला उंदीर उचलावा तसा तो दोन बोटांनी उचलायचा आणि नाक मुरडायचा.

"यावर काम करता की जेवता?"

विचारणं अगदी खोटं नव्हतं. कीबोर्ड काढला की खाली काय नसायचं! सूर्यफुलाच्या बियांची टरफलं, मेंढीच्या चरबीचा गोठलेला थर, कापलेली नखं. एकदा तर एक दुधाचा दात निघाला. पंख्यात केसांचे गोळे. आणि आतली घाण तर विचारूच नका. कधीतरी पाहिलेल्या पानांच्या नकला, अर्धवट उतरवलेली गाणी, तात्पुरत्या म्हणून जन्माला येऊन मरायचं विसरलेल्या फायली. "कॅश तुंबलीय," असं त्याने या साठ्याबद्दल सांगितलं की रोकड समजून गिऱ्हाईक खुलायचं, "किती निघाली?" असल्या लोकांना काय समजावणार? तो मान फिरवायचा.

एकच गोष्ट तो कचऱ्यात टाकत नसे, ती म्हणजे नानचा चुरा. कीबोर्डमधून निघालेला पावाचा कणन् कण तो ब्रशने वेगळा काढायचा आणि शिव्या देत देत कंटेनरच्या छपरावर चिमण्यांना घालायचा. पाव पायदळी जाता कामा नये, एवढं तोही पाळायचा.

समोर भट्टीवर साम्सा, म्हणजे खिमा भरलेले समोसे, भाजणारी ऊलकान त्याची रोज टर उडवायची. "अरे इशेनाली, लग्नात नवरीलासुद्धा आधी स्पिरिटने पुसून घेतलंस का रे?"

"तुझी भट्टी पुस आधी," तो म्हणायचा. तिचा साम्सा त्याने कधी खाल्ला नाही.

एके सकाळी सायराकान आपा आली. गावातली जुनी सुईण. निम्मा बाजार तिच्याच हातांत जन्मलेला. आता अठ्ठ्याहत्तरची, कानाने कमी, डोळ्याने त्याहून कमी. लेकीने शहरातून पाठवलेला जुनाट लॅपटॉप तिने उबदार शालीत गुंडाळून आणला होता.

"माझे तीन पियाले चहा होतात तरी हा उठत नाही, बाळा. साफ करून दे. पण माझं काही हलवू नकोस हं. सगळं जागच्या जागी लावून ठेवलंय."

शाल उघडताच इशेनालीने स्पिरिटची बाटली जवळ ओढली. बटणांवर साय आणि जर्दाळूच्या मुरंब्याचा लेप. "बरं, बरं," म्हणून त्याने तिला वाटेला लावलं. काय जागच्या जागी, कुठे, हे विचारण्याइतका वेळही त्याला त्या चिकट वस्तूसमोर उभं राहवेना.

त्याने बटणं धुतली, पंखा फुंकला, कॅश उपसली, सुरू होतानाच गळ्यात पडणारे नको ते प्रोग्राम बंद केले. कागदपत्रांच्या फोल्डरमध्ये कुंडीतल्या फुलांचे दोनच फोटो होते, ते जपून ठेवले. मग टोपली उघडली. मशीनची भाषा रशियन होती, आणि टाकाऊ फायलींच्या डब्याला तिथे टोपलीच म्हणतात. आत अकराशे फायली!

"शी! चार-चार वर्षं केर काढत नाहीत!" तो पुटपुटला आणि टोपली रिकामी केली. एवढ्यावर त्याचं भागलं नाही. डिस्कच्या रिकाम्या जागेवर वरून शून्यं लिहीत जाणारा एक प्रोग्राम त्याच्याकडे होता. मागे वाससुद्धा राहू नये, पुसलेलं कुणाला परत काढता येऊ नये म्हणून त्याने तोही चालवला. अशी धुलाई बाजारात एकटा तोच करायचा आणि त्याचा त्याला भारी ताठा होता.

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप चुटकीसरशी सुरू झाला. आपाने टाळ्या वाजवल्या. मग पडद्याला नाक लावून तिने टोपली उघडली.

"माझी टोपली रिकामी कशी?"

"आपा, तो कचरा होता."

"कचरा? माझी बाळं होती त्यात. बेचाळीस वर्षांत माझ्या हातून झालेलं एकेक बाळ. माझ्या नोंदवह्यांवरून रोज एक पान उतरवायची आणि टोपलीत ठेवायची."

"मग वह्या? वह्या कुठायत?"

"बुरशी लागली होती त्यांना. उतरवून झालं की चुलीत घातल्या. म्हटलं, आता मशीनमध्ये आहे की."

"अहो, चित्र तरी बघायचं! कचऱ्याचा डबा आहे तो!"

"चित्र मला कुठलं दिसतंय? खाली लिहिलेलं वाचलं, टोपली. टोपलीत आपण नान ठेवतो, बाळा. कचरा कोण ठेवतं?"

इशेनालीने घाईघाईने मशीन ओढून घेतलं. हरवलेलं शोधणारे होते नव्हते ते सगळे प्रोग्राम दुपारपर्यंत चालवून पाहिले. शून्यं, नुसती शून्यं. धुलाई उत्तम झाली होती. त्याला स्वतःच्या हातांकडे बघवेना.

आपा रडली नाही. स्टुलावर बसून ती हळूहळू म्हणाली, "जगली त्यांचं मला काही नाही. ती हिंडताहेत बाजारात, त्यांच्याजवळ दाखले आहेत. पण जी सकाळी आली आणि दुपारी गेली, त्यांचा कागद कचेरीने केला नाही. ती माझ्याकडेच होती. तुझीसुद्धा."

सव्वीस वर्षांत इशेनालीच्या घरात त्या दुपारचा विषय निघाला नव्हता.

"हातात घे म्हटलं होतं मी तुला," आपा म्हणाली. "अंगावर रक्त होतं तिच्या. तू मागे सरलास."

खरं होतं. दारातच त्याला शिसारी आली होती. हात धुऊन येतो म्हणून तो बाहेर पडला, आणि परत आला तेव्हा पोर कापडात गुंडाळलेली होती. त्यानंतर जगातली इतकी घाण त्याने उपसली, पण त्या दिवशी स्वतःची आली तेवढी किळस त्याला कशाचीच आली नव्हती.

"नवीन पान उघड," आपा म्हणाली. "आठवेल तेवढं मी सांगते, तू लिही. आधी तुझीच घे. पहाटे जन्म. वजन दोन किलोला थोडं कमी. केस काळे, दाट. दुपारच्या चहापर्यंत होती."

त्याने मोजे काढले आणि लिहिलं.

"नाव तिच्या आईने ठेवलं होतं. ते काही मला आठवत नाही. तू सांग."

"जिपार," तो म्हणाला. जिपार म्हणजे सुवास.

"मोठ्याने सांग बाबा, मला ऐकू येत नाही."

"जिपार!"

समोर भट्टीतून साम्से काढणाऱ्या ऊलकानने मान वर केली. तिने हातातला चिमटा खाली ठेवला. इशेनालीने एकेक अक्षर शोधून ते नाव लिहिलं.