माझी दुबई, मुक्काम पोस्ट तामलवाडी

मी दुबईला होतो ते सगळे दिवस मी तामलवाडीला होतो.

छपाईची चूक नाही ही. धाराशिवकडच्या आमच्या वाशीत, आमच्या गल्लीत कुणालाही विचारा. (नका विचारू! आत्ता कुठं लोक विसरायलेत.)

झालं असं, की आमची मनीषा लग्न होऊन दुबईला गेली आणि वर्षभरात गोड बातमी आली. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. पण तिकडच्या डॉक्टरीणबाईंनी विमानात बसायला मनाई केली, आणि मनी फोनवर रडायला लागली, "आई, तूच ये गं. पप्पा, तुम्ही पण या. मला लई भ्या वाटायलंय." झालं! माझी बायको सुमन त्याच दिवशी डिंक निवडायला बसली.

कागदपत्रांचं काम मी अंगावर घेतलं. घेणारच! सरकारी कचेरीत कारकुनी करून रिटायर झालेला माणूस मी. गल्लीत मला भाऊसाहेब म्हणतात ते उगाच नाही. दाखला जुना निघाला म्हणून मी सख्ख्या मामाला खिडकीवरून परत धाडलंय. "नियम आहे, मामा," एवढंच म्हणलो. मामा पुन्हा आमच्या घरी जेवला नाही. पण नियम म्हणजे नियम.

तर दुबईचे नियम मी तोंडपाठ केले. व्हिसाच्या फोटोला मागं पांढरं पाहिजे, चेहरा सरळ पाहिजे, दात दिसता कामा नयेत. सुमनला फोटोवाल्याकडं तीनदा न्यावं लागलं, कारण कॅमेरा समोर आला की तिला हसू फुटतं. परतीचं तिकीट पाहिजे, राहायचा पत्ता पाहिजे. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे, तिथं उतराल त्या दिवशी पासपोर्टची मुदत सहा महिने तरी शिल्लक पाहिजे! सुमनचा पासपोर्ट नवा कोरा. माझा जुना, कचेरीतल्या सगळ्यांनी काढला म्हणून मीही काढलेला आणि कपाटात ठेवून दिलेला. मी कॅलेंडर काढलं, बोटावर मोजलं. सहा महिने आणि वर एक आठवडा! चष्मा पुसून पुन्हा मोजलं. बरोबर. व्हिसा आला, तिकिटं आली.

आणि मग माझ्या ध्यानात आलं, की तिकिटं पितृपंधरवड्यातली आहेत.

"छ्या! पितरं चालू असताना कुणी शुभकार्याला निघतं का?" मी म्हणलो. "आणि आप्पांची तिथी कोण करणार?"

"धाकटे भावजी करतील की," सुमन म्हणाली. "आप्पा काय रागावायचे न्हाईत. पोरीचे दिवस भरत आलेत. चला ना आपण."

"तुला काय कळतंय? घटस्थापनेला निघू. आई भवानीचं नाव घ्यायचं आन् उडायचं!"

सुमन उठली. लाडवाच्या डब्याचं झाकण उघडलं, आत बघितलं, आणि पुन्हा लावलं. मी तिकिटं पुढं ढकलली. कॅलेंडर मात्र पुन्हा उघडलं नाही. एकदा तपासलेला कागद मी कचेरीतसुद्धा पुन्हा तपासत नसे.

निघायच्या आदल्या दिवशी गल्लीनं सत्कार ठेवला. बालाजी म्हणून एक पोरगा आमच्या शेजारी फ्लेक्सचं दुकान चालवतो. त्यानं चौकात असा फ्लेक्स लावला, की एसटीचे ड्रायव्हर वळणावर ब्रेक मारून बघायचे. मधोमध मी, फेटा बांधून, काळा चष्मा लावून, मागं आभाळाला टेकलेली इमारत. 'दुबई दौऱ्यास हार्दिक शुभेच्छा!' खाली कोपऱ्यात पोस्टाच्या तिकिटाएवढा सुमनचा फोटो, 'सोबत सौ.' आणि सगळ्यात खाली शुभेच्छुकांची रांग. शाल झाली, नारळ झाला, आणि मला दोन शब्द बोलायला सांगितलं. (ही चूक त्यांची!)

"मित्रहो," मी म्हणलो, "परदेश म्हंजे वाशीचा बाजार न्हवं, उठला आन् गेला! पासपोर्टला सहा महिने शिल्लक पाहिजेत, सहा महिने! एक दिवस जरी कमी भरला, तरी माणूस दारातून परत!"

कडाडून टाळ्या पडल्या. बालाजीनं सगळा व्हिडिओ काढला. तो अजून त्याच्याकडं आहे.

मुंबईच्या विमानतळावर काउंटरला मनीच्या वयाची एक पोरगी होती. तिनं सुमनचा पासपोर्ट बघितला आणि बाजूला ठेवला. माझा बघितला. पुन्हा बघितला.

"काका, तुमच्या पासपोर्टला सहा महिने शिल्लक नाहीत."

मला हसू आलं. "आहेत, बेटा. मी स्वतः मोजलेत. दोनदा!"

"कधी मोजले?"

मी बोटावर पुन्हा मोजायला लागलो.

"काका, कधी मोजले?"

"पितरांच्या आधी," मी म्हणलो.

"आठवडाच कमी हाय गं," मी काउंटरवर वाकून हळूच म्हणलो. "घे की चालवून."

"नियम आहे, काका."

काय सांगू! आवाज तिचा होता, पण वाक्य माझं होतं. मागच्या रांगेत मामा उभा असेल असं वाटून मी खरंच वळून बघितलं.

"म्हंजे तुम्हाला सोडीत न्हाईत?" सुमननं विचारलं.

"न्हाय."

"आन् मला?"

"तुम्ही जाऊ शकता, मावशी," पोरगी म्हणाली.

आता माझी अपेक्षा काय होती ते सांगतो. जी बाई माझ्याशिवाय कधी धाराशिवलासुद्धा गेली नाही, ती डोळ्याला पदर लावणार, 'तुमच्याबिगर मी पाऊल टाकायची न्हाय' म्हणणार, आणि तिची समजूत काढत काढत मी तिला घरी घेऊन येणार. (म्हणजे परत यायला कारण ती!) सुमननं पर्समधून किल्ल्यांचा जुडगा काढून माझ्या हातावर ठेवला.

"फ्रिजमधी दही हाय. संपवा, न्हाईतर आंबंल."

तेवढ्यात रांगेतल्या, नळदुर्गहून लेकाकडं निघालेल्या एका मुसलमान मावशीशी, म्हणजे खालाजानशी, तिची ओळखही झाली होती. "चलो ताई, मेरे संग. डरनेका नै," खालाजान म्हणाल्या, आणि दोघी निघाल्या. सुमननं एकदाच मागं बघितलं. रागानं बघितलं असतं तर मला सोपं गेलं असतं. पण तिला माझी कीव आली होती, आणि तिथं मला खरी लाज वाटली.

वजनाच्या हिशेबात डिंकाचे लाडू माझ्या बॅगेत पडले होते. ते माझ्यासोबत माघारी आले.

वाशीला जायची सोय नव्हती. चौकात मीच काळा चष्मा लावून उभा! कुठल्या तोंडानं स्वतःच्या खालून जाऊ? सोलापूरची गाडी धरली आणि तामलवाडीला मेहुण्याच्या शेतात जाऊन थडकलो. दत्ता, सुमनचा धाकटा भाऊ, पाइप लावत होता.

"दाजी? तुम्ही तर दुबईला..."

"हळू! मी दुबईलाच हाय. कुणाला सांगू नको."

दत्तानं माझ्याकडं बघितलं, बॅगेकडं बघितलं. "बरं," म्हणाला. "मग दुबईत जेवणार काय? पिठलं चालंल का?"

सुमन पोचली आणि दुसऱ्याच दिवशी मनीला कळा सुरू झाल्या. नात झाली! मी बघितली ती गोठ्याजवळ, कारण रेंज तिथंच येते. एवढीशी, लालेलाल, मुठी आवळलेली. "पप्पा, कपाळ बघा की, तुमचंच हाय," मनी म्हणाली. मी तिला घ्यायला दोन्ही हात पुढं केले, आणि फोन शेणात पडला. पुसून बघितलं तर पडद्यावर सुमन होती, डोळे पुसत. पितरांपायी थांबलो तसं अजून दोन दिवस थांबलो असतो, तर पोर एकटीच बाळंतपणाच्या टेबलावर गेली असती. तेवढं मनात आलं आणि दत्ता समोर असताना मी हमसून रडलो. तो बिचारा म्हशीकडं बघत उभा राहिला.

पण गल्ली ऐकते व्हय! 'भाऊसाहेब, नातीसंगं फोटो टाका.' 'भाऊसाहेब, व्हिडिओ कॉल करा की.' मी फोन उचलेना, म्हणून लोकांनी सुमनला गाठलं. दोनचार दिवसांनी बालाजीचा मेसेज आला: 'भाऊसाहेब, तब्येत बरी हाय ना? कवाबी फोन केला की वहिनी म्हणतेत, अंघोळीला गेलेत.'

सुमनला आयुष्यात खोटं बोलता आलेलं नाही. पाहुण्यांच्या तोंडावर 'चहात साखर संपलीय' म्हणणारी बाई ती! ती माझी अब्रू राखायला रोज पाचसहा वेळा मला अंघोळ घालत होती. मी बालाजीला कळवलं: 'इकडं उकाडा फार आहे.' आणि इकडं चुलीजवळ बसून मी आणि दत्ता बाळंतिणीचे लाडू संपवत होतो. लेकीनं खायचे लाडू खाऊन बापानं बाळसं धरलं!

असा मी कोजागिरीपर्यंत लपलो. कोजागिरीला सोलापूरहून माणसं पायी तुळजापूरला निघतात, तामलवाडीवरून. दत्ता दरवर्षी रस्त्याला टेबल टाकून त्यांना केळी वाटतो. "दाजी, उगं बसून काय करायलाव? टॉवेल गुंडाळा तोंडाला आन् चला," म्हणाला. मी टॉवेल असा गुंडाळला, की माझं मलाच ओळखू येईना. दिवस कलला, गर्दी वाढली, आणि दहाबारा पोरं एकदम टेबलावर पडली. आणि माझ्या तोंडून निघून गेलं:

"ए, रांगेनं या! मधी घुसायचं न्हाय! एकाला एकच! मागल्यानं मागंच थांबावं, नियम आहे!"

पोरं रांगेत उभी राहिली. त्यातला एक जण केळं हातात धरून जवळ आला. टॉवेलाच्या फटीतून माझ्या डोळ्यांत बघायला लागला. बालाजी! (सोलापूरला बहिणीकडं आला होता म्हणे. सगळ्या मुलखात बहीण द्यायला ह्यांना सोलापूरच सापडलं!)

"भाऊसाहेब?"

मी केळी मोजायला लागलो.

"भाऊसाहेब, तुम्हीच की! अहो, वहिनी तर सकाळी म्हणल्या, तुम्ही अंघोळीला गेलाव!"

पळायला जागा नव्हती. मी टॉवेल सोडला, आणि त्यानंच तोंड पुसलं.

"व्हय," मी म्हणलो. "आत्ताच झाली."

पोरं खाली बसून हसली. दत्तासुद्धा हसला, इतके दिवसाचं साठलेलं. हसू ओसरल्यावर बालाजीनं विचारलं, "पण काय झालं काय?" मी सांगितलं. खरं ते सांगितलं, मोजलेले दिवस, पितरं, सगळं. "म्हंजे भाषणात सांगिटलेलं तेच?" तो म्हणाला. मी मान हलवली. मग मात्र तो हसला नाही. सोललेलं केळं त्यानं माझ्याच हातात दिलं आणि तुळजापूरच्या रस्त्याला लागला. मला वाटलं, पोरगं समंजस आहे, कुणाला सांगायचं नाही. मी घरी पोचायच्या आधी माझ्या भाषणाचा व्हिडिओ अख्ख्या वाशीत फिरून आला होता.

महिन्यानं सुमन परत आली. एकटी, विमान, मग रेल्वे, मग एसटी बदलून. खालाजानचा नंबर फोनमध्ये आणि पायात नवे बूट! आल्याआल्या म्हणाली, "नवा पासपोर्ट टाका आधी. पोर रांगायच्या आत तिला आजोबा दावायचाय." मी निमूट अर्ज भरला. तारखा तिच्याकडून तपासून घेतल्या.

गल्लीनं पुन्हा सत्कार ठेवला, तिचा. तिलाही दोन शब्द बोलायला लावलं. "मला काय बोलता येत न्हाय," म्हणाली. "लेकरानं बोलावलं की निघायचं, एवढंच." आणि खाली बसली. माझ्या भाषणाला पडल्या होत्या त्याच्या दुप्पट टाळ्या पडल्या, आणि सगळ्यात जोरात मी वाजवल्या.

चौकातला फ्लेक्स बालाजीनं बदलला. मागं तीच आभाळाला टेकलेली इमारत. मधोमध सुमन, तोंडभर हसणारी. व्हिसाला न चाललेल्या फोटोतलाच एक. मी कोपऱ्यात 'सोबत' म्हणून स्वतःला शोधायला लागलो, पण सोबत कुणीच नव्हतं. मी सापडलो सगळ्यात खाली, शुभेच्छुकांच्या रांगेत, शेवटचा. माझा फोटो मात्र व्हिसाचाच होता. मागं पांढरं, चेहरा सरळ, दात न दिसणारा. अगदी नियमात.