सिसिलीहून आलेला फोन

"बेटावर कोन डाक्टर ऱ्हातंय? घारापुरीला अजून लाइट नाय," आमच्या दारात बसलेली कोळीण शेजारच्या काकूंना सांगत होती. बेलापूरच्या आमच्या फ्लॅटमध्ये फोन होता, म्हणून जवळच्या दिवाळे गावातल्या या मावशीने जहाजावर नोकरीला असलेल्या मुलाच्या कंपनीला आमचाच नंबर दिला होता. त्याला तापामुळे सिसिली नावाच्या बेटावर उतरवलंय, एवढंच आधीच्या फोनवर कळलं होतं. तेव्हापासून मासळी विकून झाली की ती आमच्या दारात येऊन बसायची आणि तिच्या पाटीतल्या सुकटीचा वास जिनाभर पसरायचा. बेट म्हटलं की तिच्या डोळ्यांपुढे घारापुरीच यायची, जिथून आजारी माणसाला होडीत घालून आणावं लागतं. माझ्या भूगोलाच्या पुस्तकात मात्र सिसिली युरोपातल्या सगळ्यात गजबजलेल्या बेटांपैकी एक होतं. तिला ते सांगावंसं वाटायचं, पण माझ्या इंग्लिश मीडियमच्या मराठीला सगळे हसायचे, म्हणून मी गप्प राहायचे. त्या दुपारी फोन वाजला. घरात इंग्लिश बोलणारी मी एकटीच होते. पलीकडच्या माणसाने हळू आवाजात सांगितलं, की मुलगा पहाटे तिथल्या हॉस्पिटलमध्ये वारला. मी रिसीव्हर ठेवला तेव्हा ती उठून उभी होती. "सांग ना गो बाय, मानसा हान ना तिथं? का माजा पोर एकलाच हाय?" अजूनही कुठे सुकटीचा वास आला, की मला माझाच तेव्हाचा आवाज ऐकू येतो, "लाखो माणसं आहेत, मावशी. तो एकटा नव्हता."