मोहाच्या झाडाचं पोर

भागिरथाबाईच्या अंगणात कोंबड्यांनी कितीही घाण केली तरी तिला त्याचं काही नसे, पण तिच्या मोहाखाली पडलेलं एक वाळकं पान तिला खपत नसे. मानोरा तालुक्यात, पोहरादेवीच्या रस्त्यावरून आत वळलं की टेकड्यांच्या पायथ्याशी तिचं गाव. शेत गावाच्या अगदी टोकाला. शेताचा धुरा, म्हणजे बांध, संपला की सरकारी जंगल सुरू, आणि तिथंच, दोन पावलं जंगलाच्या बाजूला, तो मोह. कागदोपत्री झाड सरकारचं होतं. हे भागिरथाबाईच्या तोंडावर सांगायची मात्र गावात कोणाची छाती नव्हती.

झाड तिला सासूनं दिलं होतं. ती लग्न होऊन आली त्याच फाल्गुनात सासू सीताबाई तिला झाडापाशी घेऊन गेली. एका हातात खराटा दिला, दुसऱ्या हातात काडेपेटी.

"हे झाड आता तुहं," सासू म्हणाली. "फुलं पडाच्या आंधी बुड झाडून घ्याचं, पाला पेटवून द्याचा. जमीन तव्यावानी साफ पाह्यजे. मंग फूल कसं दिसते पाह्य!"

सुनेच्या अंगावर सोनं घालायची ऐपत नव्हती, म्हणून सासूनं झाड घातलं. भागिरथाबाईनं ते दागिन्यासारखंच सांभाळलं. दर फाल्गुनात बुड झाडायचं, पाला पेटवायचा, आणि चैत्रात भल्या पहाटे टोपली घेऊन पांढरी, रसाळ फुलं वेचायची. वाळवलेली फुलं तिळासोबत भाजून कुटली की तिच्या गणेशचा तो पोरपणीचा खाऊ. नवरा, बबनराव, गेला त्या वर्षी पीक बुडालं होतं, तेव्हा या फुलांनीच घर तगवलं. रडायचं झालं तरी ती या झाडाखाली जाऊनच रडली.

आमचं हे जंगल परक्याला फसवतं. पाऊस चार महिने, बाकी आठ महिने ठणठणाट. कोकणातल्या झाडांसारखं बारमाही हिरवं राहणं इथल्या झाडांना परवडत नाही. जमिनीतलं पाणी सरत आलं की साग, धावडा, तेंदू सगळे अंगावरची पानं उतरवून ठेवतात आणि जीव धरून उभे राहतात. वाशीमहून आलेला पाहुणा म्हणतो, "अरे, सारं जंगल वाळलं की!" वाळलेलं काही नसतं. खाली पडलेला पाला कुजून माती होतो, ती माती पाणी धरून ठेवते आणि तेच पाणी खालच्या विहिरींना पुरतं. मोह तर याहून नखरेल. पानं टाकून उघडाबोडका झाला की फुलतो आणि वैशाखाच्या रखरखत्या उन्हात, आभाळात ढगाचा पत्ता नसताना, तांबूस कोवळी पालवी काढतो.

या जंगलाचं गावानं कधी वाईट चिंतलं नाही. गाव तसं देवभोळं. फक्त नांगरताना कोणी धुऱ्यापलीकडे एक तास, नांगराची एक रेघ, जास्त काढायचा, दरसाल एकच. कोणी सागाच्या बुडाची साल गोल सोलून ठेवायचा. झाड उभ्या उभ्या वाळलं की वाळलेलं लाकूड आणायला कोणाची मनाई? शेळ्या कोवळं खुडायच्या. धुऱ्यावरचं गवत पेटवलं की आग वर चढायची. कोणालाही विचारा, उत्तर ठरलेलं: "माह्या एकट्यानं काय होते?" गावात असे एकटे पुष्कळ होते.

भागिरथाबाईची आग मात्र कधी हाताबाहेर गेली नव्हती. हातात हिरवी फांदी घेऊन ती राखण करत बसायची. पण एका फाल्गुनात भरदुपारी वावटळ उठली, जळती पानं उडाली आणि बघता बघता टेकडी पेटली. संध्याकाळपर्यंत वनरक्षक शुभांगी आणि गावची माणसं फांद्यांनी आग झोडपत होती. रिसोडकडची ही पोरगी नोकरीवर नवीन. काळवंडल्या चेहऱ्यानं ती खाली आली, तेव्हा भागिरथाबाई मोहाखालीच बसलेली होती.

"काडी मीनंच लावली," म्हातारी म्हणाली. "काय कराचं ते कर."

शुभांगी तिच्याजवळ बसली. अंगात ओरडायचं त्राणही नव्हतं. वर झाडाकडे पाहत तिनं विचारलं, "आजी, झाड तं लई मोठं हाये. याचं पोर कुठी हाये?"

"कोनाचं पोर?"

"या मोहाचं. या साऱ्या डोंगरावर म्हातारेच मोह हायेत. एकही लहान, मधल्या वयाचा नाई दिसला मले. हे म्हातारे गेले का मंग?"

"चाल, मोठी आली मले शिकवनारी!" असं म्हणून भागिरथाबाई उठली. पण तो प्रश्न कुसळासारखा तिच्या अंगाला चिकटला. दुसऱ्या दिवसापासून ती काटक्या आणायच्या निमित्तानं टेकडी हिंडू लागली. या मोहाखाली वाक, त्या मोहाखाली वाक. मोहाचं पोरच काय, कमरेएवढं रोपटंही तिला कुठं मिळालं नाही.

आणि श्रावणात तिला ते दिसलं. तिच्याच झाडाखाली, पडलेल्या बियांमधून, तांबूस पानांची वीतभर रोपं उगवली होती, ओळखीच्या पोरांसारखी. दर श्रावणात ती असायची. तिनं ती दरसाल पाहिली होती, "कसे गोजिरे हायेत" असंही म्हटलं होतं. मग ती जात कुठं होती? हे कोणी तिला सांगायची गरज पडली नाही. दर फाल्गुनात ती तिच्याच खराट्याखाली आणि तिच्याच राखेत जात होती. जे झाड तिनं जीव लावून सांभाळलं, त्याची लेकरं तिनंच आपल्या हातानं जाळली होती. त्या दिवशी ती घरी येऊन जेवली नाही. सून रेणूनं विचारलं तर म्हणाली, "पोट भरलं माहं." तिचं पोट भरलेलं नव्हतं, काळीज भरलं होतं.

मोहाचंही आता वय झालं होतं. वर्षानुवर्षांच्या आगीनं त्याचं बुड एका बाजूनं जळून त्यात माणूस बसेल एवढी ढोली पडली होती. भागिरथाबाईच्या मनात एकच गोष्ट घर करून बसली: हा पडायच्या आधी याचं एक तरी पोर जगलं पाहिजे.

पुढच्या फाल्गुनात तिनं काडी लावली नाही. घरातली जुनी लुगडी एकमेकांना जोडून झाडाखाली अंथरली आणि फुलं त्यावर झेलली. "बुढीनं मोहाले लुगडं नेसवलं!" म्हणून गाव हसलं. हसू दे. रोपांभोवती तिनं बोरीच्या काट्यांचं कुंपण केलं. काही रोपं शेळ्यांनी खाल्ली, काही उन्हानं गेली. एक राहिलं. त्याची ती रोज अशी विचारपूस करायची की रेणू म्हणायची, "आत्याबाई, माह्या लेकराले बी असं इचारत जा कधी."

त्याच्या पुढल्या वर्षी चैत्रात गहू निघाला. गणेशनं धुऱ्यावरचं वाळलं गवत पेटवलं, सगळे पेटवतात तसं. साप-विंचू जातात, शेत साफ होतं. वारा पडलेला पाहूनच त्यानं काडी ओढली होती. वाऱ्यानं तेवढ्यात कूस बदलली.

भागिरथाबाई फुलं गोळा करत होती. झाडाखाली आता दोन वर्षांचा पाला साचलेला होता, आणि आग त्यातून सरसरत आली. लुगड्यांची टोकं पेटली. मोहाच्या ढोलीतल्या वाळक्या भुशानं धूर धरला. तिच्याजवळ पिण्याच्या पाण्याचा एक हंडा होता, एकच. शेताकडून गणेश बोंबलत पळत येत होता: "माय, पानी झाडात वत! ढोलीत वत, ढोलीत!"

तिनं हंडा उचलला. ढोलीपाशी गेलीसुद्धा. झाडाच्या खोडावर तिनं क्षणभर हात ठेवला. मग ती वळली आणि सगळं पाणी तिनं त्या काटेरी कुंपणात ओतलं.

आग टेकडीवर चढू दिली नाही, एवढं गणेशनं आणि गावानं केलं. पण ढोलीतली आग कोणाच्या हाती लागली नाही. मोह आतून रात्रभर जळत राहिला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी, अंगावर फुलं असतानाच, पडला. रोपटंही वाचलं म्हणावं असं राहिलं नव्हतं. भोवतीचे काटे धगीनं काळे झाले होते, त्याची पानं करपून गळाली आणि बोटभर काळा खुंट तेवढा उरला.

गणेश डोक्याला हात लावून बसला होता. आईच्या नजरेला नजर द्यायची त्याची हिंमत होईना.

"माय, मले शिव्या दे, पन बोल काई."

"तुले कायच्या शिव्या देऊ, बाप्पा?" भागिरथाबाई म्हणाली. "काडी ओढाले तुले मीनंच शिकवलं."

त्यानंतर तिनं त्या खुंटाला पाणी घालणं काही सोडलं नाही. गावानं आता हसणं सोडलं होतं, कारण वेड लागलेल्या माणसाला कोणी हसत नाही. गणेश दोन्ही वेळा हंडा भरून आणून ठेवायचा. जळल्या काट्यांच्या जागी नवे काटेही त्यानंच आणून लावले.

वैशाखात, डांबर वितळेल अशा उन्हात, एका सकाळी भागिरथाबाई रेणूला हाताला धरून शेताच्या टोकाला घेऊन गेली. धुऱ्यावरचं गवत या वेळी गणेशनं विळ्यानं कापलेलं होतं. पलीकडे मोह पडलेल्या जागी काळा खड्डा होता आणि त्याच्या बाजूला काट्यांचं कुंपण. म्हातारीनं पाण्याचा हंडा सुनेच्या हातात दिला.

"हे झाड आता तुहं," ती म्हणाली.

रेणूनं खड्ड्याकडे पाहिलं, उघड्या टेकडीकडे पाहिलं. सासूचं खरंच डोकं फिरलं की काय, असं तिच्या मनात आलं.

"कोनतं झाड, आत्याबाई?"

भागिरथाबाई जमिनीवर बसली. तिनं काटे बाजूला सारले. काळ्या खुंटाच्या बुडातून दोन तांबूस पानं वर आली होती, नखाएवढी.

"उभ्यानं नाई दिसत ते," ती म्हणाली. "खाली बस."